ओढा अडवणारे कुंपण

मित्रांनो, मी एक जुने पोलादी कुंपण आहे. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या अलीकडे मी उभे आहे. पलीकडे मेक्सिको. माझी उंची पाहून लोक फोटो काढतात. मला मात्र लाज वाटते. का, ते सांगते.

मला उभारायचे ठरले तेव्हा जवळच्या वस्तीतल्या शाळेत सभा भरली. तिथे कासिमिरो नावाचा म्हातारा होता. पाटाचे पाणी सोडण्यात त्याची चाळीस वर्षे गेली होती. नकाशावरची माझी रेघ टेकडीवरून येणाऱ्या ओढ्याला आडवी गेलेली पाहून तो उठला आणि सरकारी साहेबांना म्हणाला,

"साहेब, पावसात हा ओढा नदीकडे धावतो. वाटेत हे उभं केलंत तर आम्ही बुडू."

"आजोबा, दोन गजांमध्ये चार बोटं जागा आहे. पाणी आरामात जाईल."

"पाणी जाईल हो. पण पाणी एकटं येतं का? बोरू, फांद्या, कुणाची गादी, कुणाचं खुराडं, सगळं घेऊन येतं."

साहेब हसले, वहीत काहीतरी लिहिले, आणि मी नेमके तिथेच उभे राहिले.

मला जोडणाऱ्यांत कासिमिरोची मुलगी निएवेस होती. वेल्डिंगमध्ये तिचा हात धरणारे कोणी नव्हते. बापाला ते रुचले नाही.

"बाबा, मी नाही केलं तर दुसरं कुणी करेल," ती म्हणाली.

"मग दुसऱ्याला करू दे की," एवढेच बोलून त्याने तिच्याशी बोलणे सोडले.

माझे सांधे पाहून मुकादम म्हणाला, "हे आता शंभर वर्षं हलत नाही." ते ऐकून मी फुशारले होते, हेही कबूल करते.

ओढ्याचा कचरा माझ्या पायाशी अडकू लागला. तो काढायला माणूस येणार होता. दोनदा आला, मग यायचाच थांबला.

सहाव्या वर्षी सप्टेंबरात वादळ आले. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढा लाल होऊन धावत आला. गजांना आधी बोरू चिकटला, मग फांद्या, मग एक अख्खी गादी. अर्ध्या तासात माझे धरण झाले. नदीच्या अंगाला घोटाभर पाणी, वस्तीच्या अंगाला छातीच्या वर. शेजाऱ्यांनी माझ्या अगदी जवळ राहणाऱ्या हर्मिनियाबाईला आणि तिच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूला कसेबसे छपरावर चढवले. तिच्या अंगणात बांधलेल्या शेळ्या खूप ओरडल्या. मग गप्प झाल्या.

निएवेस गॅसकटर घेऊन नदीच्या अंगाने आली. मागून कासिमिरो दोर घेऊन आला.

"सरकारी आहे ते. तुरुंगात टाकतील," कोणीतरी म्हणाले.

"टाकू देत. तिथे कोरडं तरी असेल," निएवेस म्हणाली.

बापाने तिच्या कमरेला दोर बांधला. किती तरी वर्षांनी तो तिच्याशी बोलला. "वरून काप. मी ओढलं की सगळं सोडून दे. हट्ट करू नकोस."

शिडीवर चढून ती कापू लागली. मला तुटायचे होते हो. पण तिचेच सांधे इतके पक्के, की तुटता तुटेनात. सातव्या गजाला पाणी फुटले. शिडी वाहून गेली. कासिमिरोने आणि चौघांनी तिला ओढून काढले, पण तोवर माझा एक गज तिच्या हातावर बसला होता.

तासाभरात पाणी उतरले. हर्मिनियाबाईच्या घराची मागची भिंत पडली होती. सासूला खाली आणले तेव्हा ती थंडीने कापत होती. तिने विचारले, "शेळ्यांना चारा घातला का?"

 

पुढच्या वर्षी माझे भगदाड बुजवले. तेच गज, तेच अंतर. वेल्डर परगावचा होता. निएवेसचा हात आता कोपरातून सरळ होत नाही.

मित्रांनो, नदीजवळ काही बांधायचे झाले तर पाणी कुठून धावते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आधी विचारा, आणि त्यांचे ऐका. माझ्यासारखे काही आधीच उभे असेल, तर पावसाआधी निदान त्याच्या पायाशी साचलेला कचरा काढा. आम्हाला पाय नाहीत. असते तर त्या दुपारी मी बाजूला झाले असते.