महिन्याला हातभर प्रवास

बोलतेय ती मी, कुंपणाच्या आत उभी असलेली तुम्ही कधी पाहिली असेल ती पांढरी गाडी. माझ्या पोटात दोन पलंग आहेत, दोन शेगड्यांचा ओटा आहे, पाण्याची टाकी आहे आणि एक माणूस जेमतेम वळेल एवढं न्हाणीघर आहे. माझ्यासारखीला लोक कॅम्पर म्हणतात, फिरतं घर म्हणतात. आमच्या गल्लीत मात्र मला 'उभं घर' म्हणायचे, तेही माझ्या तोंडावर. राग तरी कसा धरणार? बारा वर्षं मी त्याच अंगणात उभी होते.

पहिल्यापासून सांगते. माझी उमेदीची सहा वर्षं एका इस्पितळाच्या चादरी वाहण्यात गेली. लाँड्रीतून इस्पितळात आणि इस्पितळातून लाँड्रीत, मध्ये तीन सिग्नल आणि एक पूल. पूल संपला की सरळ रस्ता लांबच्या लांब जाताना दिसायचा आणि मी मुकाट्याने डावीकडे वळायचे. पुढे इस्पितळाने नवी गाडी घेतली आणि मला विकायला काढलं.

मला घेतलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. तो नुकताच निवृत्त झाला होता. घरात तो आणि त्याचा थोरला भाऊ, दोघंच. दोघांपैकी कुणाचंच लग्न झालेलं नव्हतं. थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. माझा मालक म्हणजे धाकटा. मला फाटकातून आत घेतल्या घेतल्या तो ओरडला, "दादा, बघ तरी! आयुष्यभर वर-खाली केलं, आता जरा आडवं जाऊ या!"

दादा खिडकीशी बसून घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने मान वर केली, मला शेंड्यापासून चाकापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "एवढी मोठी? ठेवणार कुठे?" मग पुन्हा कामाला लागला.

घोडं अडलं होतं ते दादापाशी. स्वतःच्या खोलीखेरीज त्याला कुठेही झोप लागत नसे. तरुणपणी एका लग्नासाठी परगावी गेला असताना त्याला पहाटे जाग आली आणि आपण कुठे आहोत तेच कळेना. लोक शोधत आले तेव्हा तो स्टेशनवर अनवाणी उभा होता. तेव्हापासून त्याने गाव सोडलं नाही, आणि दादाला एकटं टाकून धाकट्यानेही सोडलं नाही. "तुला सोडून कसा जाऊ?" हे वाक्य मी त्या अंगणात इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

मग धाकट्याने डोकं लढवलं. दादा खोलीबाहेर येत नाही, तर खोलीच बाहेर न्यायची! दोन वर्षं तो माझ्या पोटात ठोकाठोक करत होता. दादाच्या खोलीत जाऊन मापं घ्यायचा आणि पळत येऊन फळी कापायचा. पलंगाची उंची तीच, दिवा डाव्या हाताला, भिंतीचा रंग तोच. सदरा अडकवायचा खिळासुद्धा त्याच जागी ठोकला. हे सगळं बघून माझा जीव त्याच्यावर जडला, खोटं कशाला बोलू?

सगळं झाल्यावर दादा दारापर्यंत आला, आत डोकावला, म्हणाला, "छान केलंयस." आणि घरात जाऊन झोपला.

त्या दोन वर्षांत धाकट्याने माझ्यासारख्या गाड्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला त्याने प्रश्न विचारून इतकं भंडावलं की शेवटी दुकानदारच त्याला विचारू लागला, आणि मग गिऱ्हाइकांना त्याचा नंबर देऊ लागला. संध्याकाळी फोन यायचे. धाकटा माझ्या पायरीवर बसून समजावत राहायचा.

"जड सामान खाली ठेवा, दोन्ही चाकांच्या मध्ये. वरच्या कपाटात फक्त कपडे आणि उशा. नाहीतर पहिल्याच वळणावर कुकर डोक्यात पडेल."

"गाडीची उंची कागदावर लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. कमानीखाली शिरल्यावर आठवून काय उपयोग?"

"मुक्कामाला उजेडी पोचा. अंधारात सपाट जमीन आणि चिखल सारखेच दिसतात. पोचलात की ओट्यावर पेला भरून पाणी ठेवा. ज्या बाजूला कलेल त्या बाजूच्या चाकाखाली फळी सारा. चालत्या गाडीत गॅस बंद, आणि स्वयंपाक करताना खिडकी बोटभर उघडी. आणि हो, सांडपाणी गवतात सोडू नका हं. तिथे उद्या कुणीतरी चटई टाकणार असतं."

लोक दुवा द्यायचे. परत आले की पुन्हा फोन करून सांगायचे, तुमच्यामुळे निभावलं. एखाद्याने विचारलंच, "तुम्ही स्वतः कुठे कुठे गेलात हो?" तर धाकटा घाईघाईने म्हणायचा, "तुमच्या मागच्या टायरमध्ये हवा किती भरलीय?"

मी मात्र जागची हलत नव्हते. गाडी एकाच जागी फार दिवस उभी राहिली की टायर खालून चपटे होतात. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला धाकटा मला हातभर पुढे घ्यायचा आणि पुढच्या महिन्यात हातभर मागे. माझा बारा वर्षांचा सगळा प्रवास जोडला तर गल्लीच्या तोंडापर्यंत जेमतेम पोचेल. टाकी भरायची आणि ओतून द्यायची, पलंगपोस बदलायचे, पण झोपायला कुणी नाही. घर म्हणून सजवलेल्या पोटात वर्षानुवर्षं माणसाचा श्वास नसला की फार एकटं वाटतं. चादरी वाहत होते तेव्हा निदान कुणीतरी माझी वाट बघत असायचं.

गेल्या वर्षी दादाच्या खोलीचं छत गळायला लागलं. एक दिवस गिलाव्याचा पोपडा थेट त्याच्या उशीवर आदळला. गवंडी म्हणाला, चार दिवस खोली रिकामी करून द्या. त्या संध्याकाळी दादा उशी काखेत मारून माझ्या दाराशी उभा राहिला.

"चारच दिवस," त्याने धाकट्याला बजावलं.

आत आल्यावर त्याने सदरा काढला आणि न बघता खिळ्याला अडकवला. सकाळी आठ वाजेपर्यंत तो हलला नाही. माझ्या पोटात एक माणूस मंद घोरत होता. मला काय वाटलं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

पाचव्या दिवशी गवंडी गेला, रंग वाळला, तरी दादा परतला नाही. धाकटा चहा घेऊन आला तेव्हा दादा म्हणाला, "अरे, मला इथे झोप लागते. म्हणजे ही जाईल तिथे लागेल. काढ बाहेर. कुठे जायचं बोल!"

धाकट्याच्या हातातला कप हिंदकळला. मला वाटलं, आनंदाने.

पुढचे तीन आठवडे त्याने तयारीत घालवले. ब्रेक तपासले, तेल बदललं, पाण्याचा पाइप नवा आणला. पाइपाला जोड आणला आणि त्या जोडाला आणखी एक जोड आणला. शेवटी दादा वैतागला. "आपण तळ्यावर चाललोय रे, चंद्रावर नाही."

तळं तासाभराच्या अंतरावर होतं. काठाला गाड्या लावायला आखलेल्या जागा, प्रत्येक जागेला नळ आणि विजेचा खांब. दुपारी तीनला पोचलो. धाकट्याने सगळं अगदी पुस्तकात लिहावं तसं केलं. पेल्यातलं पाणी एका बाजूला केसभरसुद्धा कललं नाही. दादा पाण्यात पाय सोडून बसला आणि बघता बघता शेजारच्या गाडीतल्या बाईंशी त्याच्या गप्पा रंगल्या. त्या नवऱ्याबरोबर आल्या होत्या. धाकटा काहीतरी सांगायला तिकडे गेला तर त्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

"काका, हा आवाज मी ओळखते! पेल्यातलं पाणी, बोटभर खिडकी... तुम्हीच ना ते? तुम्हाला फोन केला नसता तर आमची पहिली सहल तोंडावर पडली असती. तुम्ही तर सगळीकडे फिरला असाल!"

"तसं... बरंच," धाकटा म्हणाला.

दादाने पाण्यातून पाय काढले. भावाकडे एकदा बघितलं आणि बाईंना म्हणाला, "हो, हा फार फिरलाय."

पाचच्या सुमाराला करण्यासारखं काही उरलं नाही. सगळं जागच्या जागी होतं. धाकटा आत येऊन टेबलाशी बसला. त्याने नळ उघडून बंद केला, गॅस तपासला, पुन्हा बसला. ऊन अजून पाण्यावर होतं. दादा चहा टाकायला आत आला तेव्हा तो म्हणाला, "दादा, निघू या."

"का रे? काय बिघडलं?"

"काहीच नाही बिघडलं. निघू या."

दादाने त्याच्या कपाळाकडे बघितलं. घामाने डबडबलं होतं. मग तो खाली उतरला आणि चाकाखालचे ठोकळे काढायला वाकला. काळोख पडायच्या आत मी पुन्हा अंगणात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे माझ्या पायरीवर बसले होते.

"तुलाच जायचं नव्हतं," दादा म्हणाला.

"जायचं होतं रे. फार जायचं होतं. पण आपलं घर दिसेनासं झालं की मला परत फिरल्याशिवाय राहवत नाही. लिफ्टमध्ये बरं असतं. कितीही वर गेलं तरी इमारत तीच."

"आणि मला काय म्हणत राहिलास? तुला सोडून कसा जाऊ?"

"ते म्हणणं सोपं होतं."

दादा पायरीवरून उठला. मग त्याचा आवाज चढला, बारा वर्षांत प्रथमच. "मी रोज झोपताना स्वतःला शिव्या घालायचो. म्हणायचो, माझ्यापायी हा अडकला, माझ्यापायी ह्याचं आयुष्य अंगणात गेलं. खोलीतून तुझी ठोकाठोक ऐकायचो आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा, एकदा तरी सांगायचंस!"

धाकट्याने मान खाली घातली. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. माझीही तीच फसगत झाली होती, आणि तरी मला त्याचीच कीव येत होती.

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं उरलं. दादा माझ्या पोटातच झोपत राहिला. धाकटा त्या घरात एकटाच झोपायचा.

एक दिवस धाकटा बाजारात गेलेला असताना त्याचा फोन वाजला. तळ्यावरच्या बाईंना घाटातल्या उताराबद्दल सल्ला हवा होता. त्या आणि त्यांचा नवरा दोन आठवड्यांसाठी डोंगरात निघाले होते. दादा म्हणाला, "सल्ला देणारा बाहेर गेलाय. पण मला सांगा, तुम्हाला मोठी गाडी चालवता येते?"

"काका, मी पंचवीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतेय."

"मग आमची चालवाल? तुमची तुमचे यजमान चालवतील."

अशी मी निघाले. मोठी गाडी मागे घेताना एकाने बाहेर उभं राहायचं असतं, चालवणाऱ्याला आरशात दिसेल असं. ते काम धाकट्यानेच केलं. "येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडे... बस!" फाटकाला माझा ओरखडासुद्धा लागला नाही.

"चल ना," दादा खिडकीतून म्हणाला. "मागे तुझा पलंग रिकामा आहे."

"घर कोण बघणार?"

"घराला काय पाय फुटणार आहेत?"

धाकटा हसला, पण आला नाही. त्याने माझ्या अंगावर दोनदा थाप मारली. मी वळेपर्यंत तो आरशात दिसत होता. ज्या दिवसाची बारा वर्षं वाट पाहिली तो हाच, आणि माझं सगळं लक्ष मागे होतं.

आज नववा दिवस. डोंगराच्या कुशीत एका उतरत्या माळावर मी उभी आहे. दादा ठणठणीत आहे, बाईंकडून गिअर बदलायला शिकतोय आणि त्यांच्या शिव्या खातोय. रोज संध्याकाळी सातला धाकट्याचा फोन येतो. पाणी कललं का? ठोकळे लावले? गॅस? दादा प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देतो. राग कधीच उतरलाय. पण घरच्या गोष्टी विचारल्या की धाकटा म्हणतो, इकडे सगळं तसंच आहे.

काल सातला फोन आला तेव्हा दादाने आपणहून सांगायला सुरुवात केली. "पेला ठेवलाय, ठोकळे लावलेत, गॅस बंद आहे."

 मग धाकट्याने हळूच विचारलं, "दादा, तुझ्या खिडकीतून काय दिसतं?"

दादाने पडदा पूर्ण सरकवला. शेजारच्या गाडीखाली पसरलेलं कुत्रं सांगितलं. दोरीवरचे टॉवेल सांगितले. खाली दरीतला रस्ता सांगितला आणि त्यावरून निघालेला मुंगीएवढा ट्रक, तो वळणाआड जाऊन पुन्हा दिसेपर्यंत, सगळा सांगितला. एरवी मोजकं बोलणारा दादा अर्धा तास बोलत होता, आणि मधूनमधून पलीकडून एवढंच येत होतं, "हं... मग?"

म्हणून तुम्हाला एक विनवणी आहे. कधी त्या गल्लीतून गेलात आणि रिकाम्या अंगणाच्या फाटकाशी एक माणूस उभा दिसला, तर त्याला सल्ला विचारू नका. तुम्ही कुठून आलात, वाटेत काय काय पाहिलंत, ते त्याला सांगा. थोडा वेळ काढून सांगा. त्याला घाई नसते.