निळ्या वहीवाली बाई

बाई आजही आली होती. सलग तिसरा रविवार.

अमेरिकेतल्या ॲनापोलिसच्या जुन्या स्टेट हाउसच्या पायऱ्यांवर गुरुनाथ नेने पर्यटकांचा घोळका जमवत होते, आणि घोळक्याच्या मागे, बरोबर त्याच जागी, ती निळी वही उघडून उभी. साठी ओलांडलेली, कपाळावर तिळाएवढी टिकली, नजर अशी की कस्टम्सवाल्यांनी शिकावी. नेन्यांना आता शंका उरली नव्हती. ही तपासनीस.

महिन्यापूर्वी कुणा पाहुण्याने लेखी तक्रार केली होती, गाइडचे उच्चार कळत नाहीत. व्यवस्थापक बाई गोड हसून म्हणाल्या होत्या, कुणीतरी येऊन तुमची टूर ऐकेल, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? छत्तीस वर्षं नेन्यांनी या देशात पूल बांधले, तेव्हा कुणाला त्यांचे उच्चार टोचले नाहीत. आणि हा तर गाइडचा फुकटातला बिल्ला, पगार नाही की बढती नाही. पण तो गेला तर रविवारी उठून दाढी कशासाठी करायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायको, शुभा, जाऊन चार वर्षं झाली होती.

बरं, पाठवली कोण, तर आपल्यातलीच! पहिल्या रविवारी हातातलं पेन पडलं तेव्हा ती "अगंबाई" म्हणाली होती, ते नेन्यांनी ऐकलं होतं. काट्याने काटा काढायचा डाव, दुसरं काय! तेव्हापासून ते तिच्याशी कटाक्षाने इंग्रजीतच बोलत. तीही इंग्रजीतच बोले. दोन मराठी माणसं परमुलखात समोरासमोर आली की काय करतात, ते सांगायला नकोच.

आणि प्रश्न तरी कसले? सगळे त्या जुन्या लाकडी घुमटाकडे माना मोडून बघत, तेव्हा हिचं लक्ष नेन्यांच्या बुटांकडे. पहिल्यांदा विचारलं, गुडघे दुखतात का. दुसऱ्यांदा, कुणी उशिरा आलं तर तुम्ही चिडता का. आज तर कहर केला. जेवता किती वाजता, म्हणे!

मधेच काम सोडून जातो की काय, हे बघतेय, नेन्यांनी ताडलं. "आफ्टर ड्यूटी, मॅडम," ते ताठ आवाजात म्हणाले.

कालच फोनवर त्यांनी हे सगळं उर्वीला सांगितलं होतं. उर्वी त्यांची एकुलती एक लेक, तिकडे चँडलरला इंजिनियर. एरवी बापाला दोन वाक्यं पुरी करू देत नाही, ती काल निमूट ऐकत होती.

"बाबा, चिल! पण दिसायला कशी आहे ती?"

"तपासनीस कशी दिसणार? तपासनिसासारखी."

उर्वीने खोकल्याचं निमित्त करून फोन ठेवला. पोरीलाही कळलंय, आपलं काही खरं नाही, असं नेने धरून चालले.

टूर जुन्या दालनात पोचली. "सतराशे त्र्याऐंशीचा डिसेंबर," नेन्यांनी सुरू केलं. "तेव्हा हे गाव देशाची राजधानी होतं. वॉशिंग्टन इथे उभा राहिला. युद्ध जिंकलेलं, फौज पाठीशी. मनात आणलं असतं तर राजा झाला असता. त्याने सेनापतिपद परत दिलं, घोड्यावर बसला आणि नाताळाला बायकोजवळ घरी गेला."

आवाज घोगरा झाला. नेने खाकरले. बाईने लगेच वहीत काहीतरी टिपलं. संपलं, आता बिल्ला जाणार.

लोक पांगले, तसे नेने सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. बिल्ला काढून पुढे धरला. "रिपोर्ट कशाला लिहिता, मॅडम? हा घ्या आणि मोकळ्या व्हा."

बाई गडबडली. "अहो, रिपोर्ट कसला?" ती चक्क मराठीत म्हणाली. "मी रेणू प्रधान. बाल्टिमोरला असते. उर्वीने तुमचं नाव सुचवलं."

"कशासाठी?"

"स्थळ म्हणून."

एकाहत्तराव्या वर्षी नेन्यांना दरदरून घाम फुटला.

"मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली," रेणू म्हणाली. "उर्वी म्हणाली, बाबांना आधी सांगितलंत तर पळून जातील, गुपचूप जाऊन बघा. पूर्वी घरची मोठी माणसं चौकशी करायची. आता माझ्यामागे मोठं कोण उरलंय? म्हणून मीच आले."

"पण... माझे उच्चार?"

"उच्चारांना काय धाड भरलीय? तुमच्या व्यवस्थापक बाईंनाही विचारलं मी, माणूस कसा आहे. त्या म्हणाल्या, त्यांची टूर आम्ही मागेच ऐकली, त्यांना आम्ही सोडणार नाही."

तिने वही त्यांच्या हातात दिली. स्वच्छ मराठीत लिहिलं होतं : बुटांना पॉलिश. चिडत नाहीत, कुढतात. जेवणाचं विचारलं तर उडवून लावलं. आणि आजची शेवटची ओळ : तिन्ही वेळा 'घरी गेला' म्हणताना गळा दाटला. घरी कुणी नसावं.

नेन्यांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांना रागवायचं होतं, उर्वीवर आणि हिच्यावरही. राग आलाच नाही, रडू आलं. वही परत देऊन ते बिल्ला पुन्हा लावू लागले, पण पिन काही केल्या बसेना.

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं," ते म्हणाले. "एक वाजता. पण जेवत नाही हो, चार वर्षं नुसतं उरकतो."

रेणूने पुढे होऊन पिन लावून दिली, मग घड्याळ पाहिलं.

"पाऊण वाजलाय," ती म्हणाली, आणि वही पर्समध्ये टाकली.