बॅटरी रात्रीत कशी उतरते

सलग नवव्या सकाळी मुसोंदाची गाडी सुरू झाली नाही, आणि सलग नवव्या सकाळी तिनं कुंपणापलीकडे हाक मारली, "ए उंदीरखाऊ, उठलास का?"

"आलो गं बायको. माकडाचं कालवण शिजलं का?" पलीकडून शेजारी जेरे म्हणाला.

तिचा नवरा सिताली दारात चहा घेऊन उभा होता. मुसोंदा एवढी हसली की हातातली किल्ली खाली पडली. त्याला चहा नकोसा झाला.

मुसोंदा बेंबा, जेरे न्गोनी. या दोन जमातींनी एकमेकांची टर उडवायची आणि कुणी राग धरायचा नाही, ही रीत लुसाकात सगळ्यांना मान्य. मयताच्या घरातसुद्धा ते एकमेकांची खेचतात. सिताली पडला लोझी, तिसऱ्याच जमातीचा. त्याला त्या थट्टेत जागा नव्हती आणि तक्रार करायची सोयही नव्हती. बारा वर्षांच्या संसारात ही आपल्याबरोबर अशी कधी हसली, हे तो आठवून पाही आणि मनातल्या मनात जळे. रोज तिची गाडी सुरू करून देणाऱ्या जेरेच्या जंपर वायरींवर जळे, त्याच्या पांढऱ्याशुभ्र दातांवरही जळे.

दहा दिवसांपूर्वी जेरे बाजारातून तिच्या गाडीत बसून आला होता. तेव्हापासून सितालीला चैन नव्हतं. संध्याकाळी ती मक्याच्या पिठाची न्शिमा घोटायला बसली की हा हळूच अंगणात जाई आणि गाडी धुंडाळी. सीटखाली, पुढच्या कप्प्यात, डिकीत. एखादा रुमाल, एखादी चिठ्ठी, काहीतरी सापडेलच, अशी त्याची खात्री होती.

आज शनिवार होता. जेरेनं आधी वायरी लावून गाडी सुरू केली, तासभर तशीच चालू ठेवली आणि मग बंद करून म्हणाला, आज दुखणं शोधूनच काढू. बॅटरी जुनी झाली आहे, नवी घेऊ, असं सिताली तोऱ्यात म्हणाला. जुनी आहे खरी, पण एका रात्रीत उतरण्याइतकी नाही, असं जेरेनं नम्रपणे सांगितलं. तो नम्रपणाही सितालीला टोचला.

जेरेनं बॅटरीची काळी वायर काढली आणि वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये एक छोटा बल्ब जोडला. गाडीतलं सगळं बंद असताना हा पेटला, तर कुणीतरी गुपचूप वीज खातंय. बल्ब पेटला. मग बॉनेटखालचे फ्यूज एकेक काढून पाहायचे. कुठला कशाचा, हे झाकणावर लिहिलेलं होतं, पण गाडी जपानहून वापरून आलेली आणि अक्षरं तिकडचीच. सातवा फ्यूज काढला आणि बल्ब विझला. जेरेनं दार उघडून पाहिलं, तर छतावरचा दिवा लागेना. म्हणजे आतल्या दिव्यांचा फ्यूज. पण छतावरचा दिवा तर दार लावल्यावर बंदच होता. मग पेटलेला कुठला?

जेरे मागे गेला. डिकीचं झाकण बोटभर वर होतं. पुढे येऊन त्यानं दार लावलं, फ्यूज परत बसवला. बल्ब पुन्हा पेटला.

"बा सिताली, जरा डिकी दाबता का?" तो आदरानं म्हणाला.

सितालीनं तळहातानं झाकण दाबलं. टक्‌ असा आवाज झाला.

"विझला," बॉनेटपाशी उभी असलेली मुसोंदा म्हणाली. "पण डिकी उघडतं कोण? मी तर महिनाभरात हात लावलेला नाही."

स्वयंपाकघरात आवाज जाऊ नये म्हणून सिताली रोज ते झाकण नुसतं टेकवून ठेवत होता. आतला दिवा रात्रभर जळायचा. रोज सकाळी जेरेला या अंगणात बोलावणारा दुसरा कुणी नव्हता, तो स्वतःच होता.

जेरेनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. सिताली बेंबा असता तर जेरेनं आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी त्याची फजिती केली असती. पण त्यानं नजर खाली वळवली. "कुलूप झिजलंय. तेल घालतो," तो म्हणाला.

या माणसानं आपली अब्रू झाकावी, हे सितालीला सोसवेना.

"मी उघडतो," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी. तुमचं दोघांचं काही सापडतं का, ते बघायला."

जेरेनं बल्ब काढला, काळी वायर जागेवर बसवली आणि एकही थट्टा न करता कुंपणाबाहेर निघून गेला.

मुसोंदानं बॉनेट लावलं. हात पुसले, गाडीत बसली, काच खाली केली.

"इतक्या दिवसांत काय सापडलं?"

"काही नाही."

"काही नाही सापडलं, की बरं वाटायचं तुम्हाला? की वाईट?"

रोज डिकी रिकामी निघाली की सितालीचा हिरमोड व्हायचा. ते तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिनं किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.