उन्हावर चालणारी गाडी

"आजपासून हरिदास मेश्राम कोणाच्याही धक्क्यावर चालणार नाही." पुरानी बस्तीतल्या अख्ख्या गल्लीला ऐकवून हरिदासरावांनी बटण दाबलं. गाडी हातभर सरकली, कण्हली आणि थांबली. त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी, पदर खोचला आणि ढकलत ती परत दारात आणली.

हरिदासरावांचे पाय लहानपणीच पोलिओनं अधू झालेले. रेल्वेची नोकरी खुर्चीत बसून निभली, पण चाकाच्या खुर्चीला ढकलणारा नेईल तिकडेच जायचं, हे कधी सुटलं नाही. विहारात निघाले, तरी बायको आधी भाजीबाजार उरकायची. हे मांडीवर मेथीच्या जुड्या घेऊन वंदनेला बसायचे. म्हणून तर ही तीनचाकी मिळवली. वर छत, छतावर सोलर पॅनल, खाली बॅटरी. रविवारी विहारात एकट्यानं जायचं, एवढीच हौस.

"चार्ज काहून नाही झाली?"

"मले काय माहीत? किती जपून ठेवली. उन्हानं रंग जाते म्हणून वरून लुगडं टाकून ठेवलं होतं."

हरिदासरावांनी डोळे मिटले. जिनं फ्रीजवरचं प्लास्टिक अजून निघू दिलं नव्हतं, तिला काय सांगणार?

गल्लीत ऊन पडायचं ते फक्त समोरच्या विमलाबाईंच्या दारात. रविवारी सकाळीच हरिदासरावांनी लुगडं काढायला लावलं, गाडी तिथं उभी करवली आणि घरात पेपर वाचत बसले.

दुपार कलल्यावर कुबड्या टेकत आले, सीटवर बसले, बटण दाबलं. गाडी ढिम्म. छताच्या कडेवरून कपाळावर काहीतरी चिकट टपकलं.

"विमलाबाई, वर काय आहे?"

"साबुदाण्याच्या पापड्या, भाऊजी. इतकी उंच, साफ जागा मोहल्ल्यात दुसरी नाही. मांजर बी चढत नाही."

"अहो, त्या पाटीवर ऊन पडलं तर ही गाडी चालते."

"हव. पण आज तर उभीच होती न?"

"उभी होती ती ऊन खायला."

"मंग पापड्या बी तेच करून राहिल्या."

हरिदासरावांनी सूर्य, सरकार आणि स्वावलंबन या विषयांवर बोलायला घेतलं. स्वावलंबनापर्यंत पोचतात तोच विहाराच्या भोंग्यावर वंदना सुरू झाली.

अंजनाबाईंनी पदर खोचला आणि गाडीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "बसा नीट. आज बाजारातून नाही नेत."

हरिदासरावांनी कुबड्या मांडीवर घेतल्या. गाडी हलली.

"वहिनी," विमलाबाईंनी मागून हाक दिली, "जरा उन्हाउन्हानं न्या. खालून ओल्याच आहेत अजून."