विलोचा घेर

दुकानाच्या वाटणीवरून भांडण झाल्यापासून दोघा शिंपी भावांत बोलणं नव्हतं. कुंपणापलीकडे राहणाऱ्या थोरल्याचं तोंडही दिसू नये म्हणून धाकट्याने अंगणात विलोचं झाड लावलं होतं. त्याच्या लोंबत्या फांद्यांचा चांगला पडदा झाला होता.

पण फांद्या जमिनीवर लोळायला लागल्या, तेव्हा तो कात्री घेऊन उठला. झग्याचा घेर कापावा तसा गोल फिरत त्याने त्या कापल्या. मागे सरून पाहिलं, तर डावी बाजू आखूड. उजवी कापली, तर तीच जास्त वर गेली. कापड निदान मुकाट पडून राहतं. हे मेलं झाड वाऱ्यावर हलत होतं.

"पुरे आता," बायको म्हणाली.

"तू मध्ये तोंड घालू नकोस," तो खेकसला आणि पुन्हा डावीकडे वळला.

दुपारपर्यंत झाडावर फांद्यांचा छत्रीएवढाच घेर उरला. त्याने वैतागून कात्री आपटली. समोर कुंपणापलीकडे थोरला खुर्ची टाकून बसला होता.

"इकडून अजून तिरकं दिसतंय," थोरला म्हणाला.

धाकट्याने दातओठ खात कात्री उचलली.

"कुठे?" त्याने विचारलं.