खालची गेली, वरची उरली

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. वरच्या ओळीत, डाव्या बाजूला, गालाच्या आड माझं घर. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि ज्याच्या तोंडात मी राहते त्यानेही नाही. तो फोटोवाला आहे. बाजारातल्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. आत एक पांढरा पडदा, छत्र्या लावलेले दिवे आणि एक गोल स्टूल. दिवसभर तो गिऱ्हाइकांना सांगत असतो, "हनुवटी खाली. हसा. थोडंसंच." पुढचे दात नीट दिसले की त्याचं काम झालं. मागचे दात माणसाला कशासाठी असतात, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. माझ्यामागे अक्कलदाढही आहे, पण तिचा त्याला काही उपयोग झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

मी आले तेव्हा तो लहान होता, शाळेत नुकताच जाऊ लागला होता. माझ्या बरोबर खाली एक दाढ आधीच येऊन बसली होती. दाढेला एकटीने काही करता येत नाही. वर मी, खाली ती आणि मध्ये घास, असा आमचा संसार. माझा उंचवटा तिच्या खळग्यात नेमका बसायचा. हाडं, बदाम, पावाच्या कडक कडा, सगळ्याचा आम्ही भुगा केला. त्याची आई कौतुकाने म्हणायची, "दगड दिला तरी पचवेल हा!" कौतुक झालं ते पोटाचं. आमचं नाव कुणी घेतलं नाही.

पुढे त्याने दुकान काढलं आणि आमचे दिवस फिरले. रडणाऱ्या मुलांना हसवायला त्याने काउंटरवर गोळ्यांची बरणी ठेवली. मुलाच्या हातावर एक गोळी ठेवायची आणि एक आपल्या तोंडात टाकायची, ही त्याची रीत. डाव्या गालात गोळी धरून त्याला "इकडे बघ, इकडे बघ" असं म्हणता यायचं. त्यामुळे ती कायम आमच्याच बाजूला असायची. साखरेचं पाणी ओघळायचं ते खाली, तिच्या खळग्यात. ती आतून पोखरत गेली. ती ठणकली, तिने गाल सुजवला. याने औषध घेऊन तिला गप्प बसवलं. डॉक्टरीणबाईंनी तिला उपटलं तेव्हा ती निम्मीसुद्धा उरली नव्हती.

"इथे दात बसवून घ्या हं," डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. "जागा मोकळी ठेवू नका."

जखम भरल्यावर या शहाण्याने काय करावं? तो स्वतःच त्या गोल स्टुलावर बसला. त्याची बायको दुकानात गिऱ्हाइकांचे केस नीट करते, कॉलर सरळ करते. तिला त्याने कॅमेऱ्याचं बटण दाबायला लावलं आणि छानसं हसला. मग फोटो मोठा करून तिला दाखवला.

"बघ. दिसतोय कुठे खड्डा?"

"अहो, फोटोने जेवता का तुम्ही?" ती म्हणाली.

"अगं, मागचं कोण बघायला येतंय?"

तिने पुढेही दातांच्या कण्या केल्या. त्याने कानाडोळा केला.

मित्रांनो, त्यानंतर मला काम उरलं नाही. तो सगळं उजवीकडे चावू लागला. खालच्या खड्ड्यात अन्न अडकायचं, तो काडीने कोरायचा. खड्ड्यामागची दाढ हळूहळू पुढे रेलली. आणि मी? मी खाली उतरत गेले. समोरून कुणी अडवणारं नसलं की आम्ही उतरतोच. मला तिची फार आठवण यायची. वर्षामागून वर्षं मी उतरत राहिले आणि शेवटी टेकले ते नुसत्या हिरडीवर. लाज वाटली मला. रागही आला.

परवा उजवीकडची एक दाढ दुहेरी कामाने तडकली. आता त्याला धड कुठेच चावता येईना, तेव्हा तो बायकोला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे धावला. "डावीकडे तो नवा दात बसवूनच टाका," म्हणाला.

त्यांनी आरसा आत घातला. इतक्या वर्षांत माझ्याकडे निरखून पाहणाऱ्या त्या पहिल्याच.

"आता खाली जागाच नाही राहिली. वरची पार हिरडीपर्यंत आलीय. तिचं मूळ साफ करून, घासून, टोपी बसवून वाचवता येईल. चार-पाचदा यावं लागेल. नाहीतर काढावी लागेल."

"पण ती चांगली आहे ना?" बायकोने विचारलं.

"ठणठणीत आहे. कीड नाही, काही नाही."

"काढून टाका," फोटोवाला म्हणाला. "लग्नाच्या ऑर्डरी आहेत, कुठे खेटे घालत बसू?"

"अहो, चांगला दात..."

"तू थांब गं."

मित्रांनो, तुमच्या तोंडातला एखादा दात गेला, तर त्याच्या जोडीदाराची तेव्हाच काळजी घ्या. त्याला काम द्या. मी कधी सडले नाही, कधी दुखले नाही, आणि शिक्षा मला होते आहे. हे बरोबर नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

सुई टोचून झाली आहे. हिरडी बधिर होत चालली आहे. चिमटा मला दोन्ही बाजूंनी धरतो आहे.

"जरा वेळ लागेल हं," डॉक्टरीणबाई त्याला सांगत आहेत. "हिची मुळं अजून घट्ट आहेत."

लागू दे वेळ. मी सोडणार नाही.