पिवळ्या वायरीची गाठ

टेकडीवरून एक लांब शिट्टी.

चुलीवर करपत चाललेली भाकरी.

इस्त्रीचा कुर्ता, आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही म्हणून खाली जुना परकर.

मोडेमवर तांबडा दिवा.

अकरा वाजता शिवकन्याची मुलाखत. घरबसल्या इंटरनेटच्या तक्रारी सोडवायचं काम देणारी पुण्याची कंपनी दुसरी वेळ देणार नव्हती, आणि युसूफ वडगाव या गावाच्या शिवेवरच्या त्या घरात मोबाईलला रेंज कधी नसायचीच.

"आये, मोडेमच्या पिवळ्या वायरीला कुणी हात लावला?"

"कोकरू कुरतडत होतं, म्हणून मीच खुंटीला बांधली," कडूबाई म्हणाली. "पक्की हाय."

पक्की होतीच. कडूबाईच्या गाठीशी झटून भलेभले बोकड दमले होते. शिवकन्यानं वायर ओढली, तशी गाठ आणखी आवळली.

"आये, यातून उजेड पळतोय. काचेच्या केसाएवढ्या तारेतनं. एवढं मुरगाळल्यावर तो वळणावरच सांडतो, मोडेमपर्यंत येतच न्हाई."

"मग आधी कावून न्हाई सांगितलंस? मला वाटलं करंट असतोय. सर बाजूला. तुझ्या हातात मेंढरू तरी ऱ्हाईल का?"

कडूबाईनं अंगठ्यानं वेढा मागं सारला. गाठ अलगद सुटली. तांबडा दिवा विझला, हिरवा लुकलुकला, मग थांबला. मेंढी विताना बघतात तशा दोघी त्याच्याकडं बघत होत्या.

अकराला मुलाखतीत पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं, "मोडेम काय करतो? ग्राहकाला कळेल असं सांगा."

पाठ केलेली व्याख्या शिवकन्या साफ विसरली. बाहेर पुन्हा शिट्टी वाजली.

"माझे आबा टेकडीवर मेंढरं चारतात, चुलते पलीकडच्या माळावर. तिथवर बोलणं पोचत नाही. मग आबा बोलण्याची शिट्टी करतात आणि चुलते त्या शिट्टीचं पुन्हा बोलणं करतात. आधी 'आहेस का?', तिकडून 'आहे', मग कामाचं. मोडेमचंही तसंच. कॉम्प्युटरचं बोलणं तो उजेडाच्या उघडझापीत बदलतो, आणि तिकडून आलेल्या उघडझापीचं पुन्हा बोलणं करतो."

"आत्ता वाजली ती त्यांचीच का? काय म्हणाले?"

"जेवायला काय केलंय, विचारतात."

"करपलेली भाकरी म्हणून सांग," कॅमेऱ्यामागून कडूबाई बोलली.

मॅडमना हसू आवरेना. "सोमवारपासून कामाला लागा."

कडूबाई अंगणात गेली आणि दोन बोटं तोंडात घालून तिनं ती बातमी टेकडीवर धाडली. तिकडून आबांचं, म्हणजे धुळाजीचं, उत्तर एवढं लांबलं, की बावचळलेली मेंढरं त्याच्याभोवती गोळा झाली.

मोडेम बसवला त्या दिवशी धुळाजीनं त्याच्यावर खंडोबाचा चिमूटभर भंडारा टाकला होता; हिरव्या दिव्याशेजारी तो अजून पिवळा दिसत होता.